नाताळचा कार्यक्रम आणि आपलं विशेष मूल: प्रेक्षकांत बसणाऱ्या पालकांची तयारी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की वसई, मुंबई, पुणे, गोवा इथल्या कॉन्व्हेंट शाळांत नाताळच्या कार्यक्रमाच्या तालमी सुरू होतात. ऑटिझम, एडीएचडी, सेरेब्रल पाल्सी, श्रवणदोष, अपस्मार किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांचे पालक पुढचे तीन-चार आठवडे गाणं पाठ करून घेण्यात आणि पोशाख शोधण्यात घालवतात. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र गाण्यामुळे घोळ क्वचितच होतो. मूल कोलमडतं ते विंगेत पाऊण तास ताटकळल्यामुळे, शूटिंगवाल्याच्या दिव्याने डोळे दिपल्यामुळे, किंवा समोर आई दिसते पण तिच्याकडे जाता येत नाही म्हणून.

यातलं बरंचसं आधी ठरवता येतं. पालक कुठे बसतील, हातात काय धरतील, कधी उठतील हेसुद्धा. खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका, कारण प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यातल्या माहितीवर उभा आहे. मराठी शाळेतल्या स्नेहसंमेलनालाही हाच क्रम चालतो. फक्त सांताक्लॉजच्या जागी बक्षीस समारंभ येतो.

टप्पा १: भूमिका वाटल्या जाण्याआधी शाळेत जा

सुट्टीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात भेटीची वेळ मागा. भूमिका जाहीर झाल्यावर गेलात, तर मुलाला आधीच ठरलेल्या चौकटीत बसवण्याची खटपट सुरू होते. भेटीला वर्गशिक्षिका आणि कार्यक्रम बसवणाऱ्या बाई दोघी हव्यात. बहुतेक शाळांत या दोन वेगळ्या व्यक्ती असतात, आणि एकीला सांगितलेलं दुसरीपर्यंत पोचत नाही. विशेष शिक्षिका किंवा शॅडो टीचर (वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस) असेल तर तिलाही बोलवा.

“त्याला जमेल का हो?” असा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर “बघू” असंच येतं. त्याऐवजी हे विचारा आणि वहीत लिहून घ्या:

- कार्यक्रमात एकूण किती सादरीकरणं आहेत, आणि आमचं कितवं?
- मूल प्रत्यक्ष स्टेजवर किती मिनिटं असेल?
- त्याआधी कुठे थांबायचं, किती वेळ, आणि सोबत कोण?
- कोणत्या विंगेतून आत जायचं, कोणत्या विंगेतून बाहेर यायचं?
- धुराचं मशीन, चमकते दिवे, पार्टी पॉपर, स्नो स्प्रे यांतलं काय वापरणार?
- रंगीत तालीम कधी? पोशाखासह, माइकसह, त्याच हॉलमध्ये होणार का?

क्रमांकाचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सत्कार, अहवालवाचन आणि भाषणं यांत कार्यक्रम मागे पडतोच. दहावं सादरीकरण छापील वेळेपेक्षा तासभर उशिरा येऊ शकतं. म्हणून पहिल्या तिनांतला क्रमांक मागा. शाळेला यासाठी खर्च येत नाही आणि ही मागणी सहसा मान्य होते.

मुलाला कार्यक्रमातून वगळायचं ठरत असेल, तर कायदा तुमच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १६ नुसार, सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थेने दिव्यांग मुलाला खेळ आणि मनोरंजनाच्या उपक्रमांत इतरांच्या बरोबरीने संधी द्यायची असते, आणि त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयही करून द्यायची असते. तोंडी वाद घालत बसू नका. मुख्याध्यापकांना अर्ध्या पानाचा अर्ज द्या, त्यात कलमाचा उल्लेख करा, नेमक्या दोन-तीन सोयी मागा आणि पोच घ्या. “त्यालाही घ्या” इतकंच लिहिलेला अर्ज बाजूला पडतो. “पहिल्या तिनांत क्रमांक, विंगेत ओळखीच्या ताई, तीन मिनिटांची भूमिका” असं लिहिलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं.

टप्पा २: भूमिका मिनिटांत मोजा

गव्हाणीच्या, म्हणजे येशूजन्माच्या, नाटुकल्यातल्या सगळ्या भूमिका सारख्या नसतात. संवाद किती आहेत हे पालक पाहतात. खरं पाहायचं ते किती वेळ स्थिर राहायचंय, अंगावर काय आहे आणि हाताला काही काम आहे का.

मरिया आणि योसेफ (येशूचे आईवडील) जवळजवळ पूर्ण वेळ स्टेजवर असतात, सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर असतात. देवदूताला पंख आणि डोक्यावर तारेचं कडं, म्हणजे स्पर्शाचा त्रास असलेल्या मुलाला दुहेरी ताप. मेंढपाळ ही बऱ्याच मुलांना जमणारी भूमिका: खाली बसता येतं, हातात काठी किंवा कापडी कोकरू असतं, आजूबाजूला तीन-चार मित्र असतात, पोशाख म्हणजे सैल झगा आणि कमरेला दोरी. तीन राजांपैकी एक होणं चळवळ्या मुलाला छान जमतं. उशिरा यायचं, भेट गव्हाणीपाशी ठेवायची आणि बाजूला व्हायचं. चालण्याला कारण मिळालं की पाय ताब्यात राहतात.

सावधान: विशेष मुलाला “काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं” म्हणून झाड किंवा तारा करतात. एडीएचडी असलेल्या मुलासाठी हात पसरून पंधरा मिनिटं उभं राहणं हे सगळ्यांत अवघड काम आहे. अशी भूमिका आली तर शांतपणे नकार द्या आणि हालचालीची भूमिका मागा.

न बोलणाऱ्या मुलालाही संवाद देता येतो. एका बटणात एक वाक्य रेकॉर्ड होईल असं साधं उपकरण किंवा फोनवरचं संवादाचं अ‍ॅप पुरतं. वाक्य त्याच वयाच्या वर्गमित्राच्या आवाजात रेकॉर्ड करा. आईच्या आवाजातलं वाक्य स्टेजवर विचित्र वाटतं. माइक उपकरणाच्या स्पीकरपासून वीतभर अंतरावर हवा, हेही तालमीत तपासा.

व्हीलचेअर असेल तर स्टेजची उंची टेपने मोजा. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे दोन फूट उंच स्टेजला २४ फूट आणि तीन फूट उंच स्टेजला ३६ फूट लांब रॅम्प लागतो. शाळेत ठेवलेली सहा-आठ फुटांची फळी धोकादायकच ठरते. चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेणं त्याहून वाईट. बॅटरीची खुर्ची तर उचलूच नये. इतका रॅम्प होत नसेल तर गव्हाणीचा देखावाच स्टेजसमोर जमिनीवर मांडायला सुचवा. मेंढपाळ आणि राजेही खालीच येतात आणि एकटं आपलं मूल वेगळं पडत नाही.

टप्पा ३: फोटोंचं छोटं पुस्तक

तीन आठवडे आधी शाळेच्या परवानगीने रिकाम्या हॉलचे आठ-दहा फोटो काढा: मागचं फाटक, थांबायची खोली, विंग, स्टेजवरची मुलाची जागा, समोरच्या खुर्च्या, बाहेर पडायचं दार, स्वच्छतागृह. प्रत्येक फोटोखाली मुलाच्या तोंडची एक ओळ लिहा. “इथे मी जोशीबाईंसोबत थांबतो.” “गाणं संपलं की लोक टाळ्या वाजवतात. तेव्हा मोठा आवाज होतो. मी कान झाकू शकतो.”

दोन पानं हमखास राहून जातात. एक, “मला नको वाटलं तर”: तेव्हा कोणती खूण करायची, कोण बाहेर नेणार, कुठे बसणार. दुसरं, “संपल्यावर काय”: गाडीत बसणं, घरी जाणं, आवडीचं खाणं. शेवट माहीत नसेल तर मुलाला मधला भाग सहन होत नाही.

खात्री नसलेल्या गोष्टींना “कदाचित” लावा. “आजी येणार” असं छापलं आणि आजी आली नाही, तर पूर्ण पुस्तकावरचा विश्वास जातो. रोज एकदाच, ठरलेल्या वेळी वाचा. दिवसातून पाच वेळा वाचलं की त्याचीच धास्ती बसते.

टप्पा ४: पोशाख

भाड्याचा पोशाख कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घरी येतो, त्याला परका वास असतो, जरी आणि टिकल्या टोचतात, आणि सवय करायला वेळ उरत नाही. शक्य असेल तर साधा सुती झगा शिवून घ्या. भाड्यानेच आणावा लागला तर आठवडाभर आधी आणा, जास्तीचं भाडं गेलं तरी चालेल. आतून सुती बनियन उलटा घाला, म्हणजे शिवण आणि लेबल बाहेरच्या बाजूला राहतं.

सवय अशी लावा: पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस, शेवटच्या दोन वेळा पोशाख घालूनच गाणं. डोक्यावरची वस्तू शेवटी. मुकुट जमत नसेल तर सोडून द्या. मुकुट नसलेला राजा प्रेक्षकांना चालतो.

- तपासा: स्वच्छतागृहात पोशाख एका मिनिटात वर करता येतो का? पाठीमागे बंद होणारा एकसंध पोशाख नको.
- तपासा: श्रवणयंत्रावर टोपी, डोक्याचं फडकं किंवा लोकरी विग आला की यंत्र शिट्टी मारतं. कान मोकळा राहील असं बांधा.
- सावधान: कापसाची दाढी, कापसाचा बर्फ आणि पेटती मेणबत्ती एकाच स्टेजवर नको. कॅरलसाठी (नाताळच्या गाण्यांसाठी) सेलवरच्या मेणबत्त्याच मागा. स्नो स्प्रेमधला वायूही पेट घेऊ शकतो.

टप्पा ५: आवाज, उजेड, धूर

साउंडवाला स्पीकर कुठे ठेवणार हे विचारून मुलाची जागा त्याच्या विरुद्ध बाजूला घ्या. कान झाकणारे इअर डिफेंडर चालतील का, हे बाईंना आधीच विचारा. इलेक्ट्रॉनिक नॉइज कॅन्सलिंग हेडफोन एकसुरी घरघर चांगली कापतात, पण टाळ्या, फुगा फुटणं, माइकची किंकाळी अशा अचानक आवाजांपुढे फारसे कामाचे नाहीत. तिथे साधे जाड गाद्यांचे डिफेंडर बरे. मेंढपाळाच्या फडक्याखाली ते दिसतही नाहीत.

अपस्मार असेल तर चमकत्या दिव्यांबद्दल लेखी सांगा. सेकंदाला ३ ते ३० वेळा लुकलुकणारा प्रकाश प्रकाश-संवेदनशील मुलांत झटका आणू शकतो. तुमच्या मुलाला हा प्रकार आहे की नाही हे न्यूरॉलॉजिस्टला विचारून घ्या. अपस्मार असलेल्या बहुतेक मुलांना तो नसतो. दिवे अचानक चमकू लागले तर नुसते डोळे मिटून भागत नाही, कारण प्रकाश पापण्यांतूनही जातो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून मान फिरवायची. हे मुलाला आणि विंगेतल्या ताईंना दोघांनाही शिकवा.

धुराचं मशीन दम्याच्या मुलांना त्रास देतं. शक्यतो नकोच म्हणा. नाहीच ऐकलं तर आपलं सादरीकरण धुराच्या आधी घ्या.

टप्पा ६: रंगीत तालीम हाच तुमचा कार्यक्रम समजा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. शाळेकडून रंगीत तालमीला प्रेक्षकांत बसण्याची परवानगी घ्या. हॉल अर्धा रिकामा असतो, दिवे पूर्ण मालवलेले नसतात, दारं उघडी असतात, कोणी उठलं-फिरलं तर चालतं. ब्रिटनमध्ये नाटकगृहं मुद्दाम असे सौम्य प्रयोग ठेवतात आणि त्यांना रिलॅक्स्ड परफॉर्मन्स म्हणतात. आपल्याकडे रंगीत तालीम तेच काम करते.

व्हिडिओ काढायचा तो इथे काढा. आजी-आजोबांना आणायचं तर इथेही आणता येईल. मुलाने तालमीत राजाची भेट नेऊन ठेवली, तर ते काम झालेलं आहे. पुढे मुख्य दिवशी काहीही झालं तरी तुमच्याकडे ते पाहिलेलं असतं आणि मुलानेही ते केलेलं असतं. ज्या पालकांच्या हातात ही तालीम असते, ते मुख्य दिवशी पुष्कळ मोकळे बसतात.

तालमीत बसून या गोष्टी टिपा:

- खोलीतून स्टेजपर्यंत जायला किती मिनिटं लागली?
- मुलाने पहिल्यांदा कान कधी झाकले, बोटं कधी तोंडात घातली, पाय कधी आपटले? कुठला आवाज त्याआधी झाला होता?
- सूचना कोणाकडून घेतली: बाईंकडून, शेजारच्या मित्राकडून, की तुमच्याकडून?
- तुम्ही दिसल्यावर काय झालं?

शेवटच्या प्रश्नासाठी एक साधी चाचणी. गाणं दोनदा होत असेल तर पहिल्या वेळी मुलाला दिसेल असं बसा, दुसऱ्या वेळी मागच्या अंधारात. फरक टिपा. पुढचा टप्पा या नोंदीवर ठरणार आहे.

तालीम बिघडली तर त्याच रात्री भूमिका काढून टाकायचा निर्णय घेऊ नका. दुसऱ्या दिवशी बाईंशी बोलून भूमिका अर्ध्यावर आणा: पूर्ण गाण्याऐवजी शेवटचं कडवं, पाच मिनिटांऐवजी एक.

टप्पा ७: तुमची जागा आणि तुमचं काम

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या प्रेमापोटीच होतात.

कुठे बसायचं. आई दिसली की धीर येणारी मुलं असतात, आणि आई दिसली की सगळं सोडून धावणारी मुलं असतात. तालमीतल्या चाचणीवरून तुमचं मूल कोणतं ते कळलं असेल. पहिल्या प्रकारात तिसऱ्या-चौथ्या रांगेत, वाटेच्या कडेला, ठरलेल्या खुर्चीवर बसा. तालमीत घातलेली तीच ओढणी किंवा तोच शर्ट घाला, म्हणजे शंभर तोंडांतून तुम्ही पटकन सापडाल. पहिल्या रांगेचा हट्ट नको: तिथे पाहुण्यांचे सोफे असतात आणि शूटिंगवाला मध्ये उभा राहतो. दुसऱ्या प्रकारात मागे अंधारात बसा आणि पुस्तकात तसंच लिहा, “आई मागे बसते. ती मला बघते. गाणं झालं की दाराशी भेटते.” आई आलीच नाही असं मुलाला वाटू देऊ नका.

दोन्ही प्रकारांत खुर्ची अशी निवडा की मूल ज्या विंगेतून बाहेर येणार, त्या बाजूच्या दाराशी तुम्ही अर्ध्या मिनिटात पोचाल.

एकच सूचक. प्रेक्षकांत बसून हातवारे करत गाणं म्हणणारी आई आणि स्टेजखाली बसलेल्या बाई, अशा दोन ठिकाणांहून सूचना आल्या की मूल थांबतं. सूचना फक्त बाई देतील. तुमचे हात मांडीवर.

फोन. मूल चेहरा शोधत असतं आणि तिथे त्याला फोनची पाठ दिसते. चित्रीकरण दुसऱ्या पालकाला सांगा, त्यांच्या मुलाचं तुम्ही करा. फ्लॅश बंद. इतर मुलं दिसत असतील तर व्हिडिओ सोशल मीडियावर नको. शूटिंगवाल्याला आधीच भेटून त्याचा दिवा मुलाच्या तोंडावर न मारता वर किंवा बाजूला फिरवायला सांगा. नम्रपणे, कार्यक्रमाआधी सांगितलं तर तो ऐकतो.

टाळ्या. मुलाने एक ओळ छान म्हटली की मध्येच टाळ्या पडतात. मुलाला वाटतं संपलं, आणि ते वाकून निघून जातं. गाणं पूर्ण होईपर्यंत टाळी नको, घरच्यांनाही तसं बजावा. मोठा आवाज अजिबात सोसत नसेल तर कर्णबधिर समाजात करतात तशी मूक टाळी मागता येते. सूत्रसंचालकांना ही तीन वाक्यं लिहून द्या: “पुढच्या सादरीकरणाला टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवू या. मोबाइलचे फ्लॅश बंद ठेवा. सर्वांचे आभार.” कारण सांगायची, मुलाचं नाव घेण्याची किंवा निदान जाहीर करण्याची गरज नाही.

घरची माणसं. चार जणांपेक्षा जास्त नको. आजी-आजोबांना आदल्या दिवशी तीन गोष्टी सांगा: हाक मारायची नाही, मध्येच उठायचं नाही, आणि मूल स्टेजवर गेलं नाही तरी चेहरा पाडायचा नाही. भावंडाचंही सादरीकरण असेल तर त्याच्यासाठी एक मोठं माणूस वेगळं राखा. मुलाला बाहेर न्यावं लागलं तरी ते माणूस जागेवरून हलणार नाही. बहिणीचा नाच कोणीच पाहिला नाही, हे तिच्या मनात फार काळ राहतं.

शेजारच्या खुर्च्या. कोणी “तो असं का करतोय?” म्हटलं तर एक वाक्य तयार ठेवा. “त्याला आवाज जास्त वाटतो, म्हणून कान झाकतो. गाणं चालू आहे त्याचं.” एवढं पुरे. त्या वेळी समजावत बसलात तर तुमचंच बघायचं राहून जाईल.

तुमचं रडू. इतर मुलं सहज बोलताना पाहून, किंवा आपलं मूल तिथे उभं राहिलेलं पाहून, भरून येतं. त्यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही. पण बरीच मुलं आईच्या डोळ्यांतलं पाणी म्हणजे काहीतरी चुकलं असा अर्थ लावतात. म्हणून मुलाच्या नजरेच्या टप्प्यात दोघं बसा. एकाला भरून आलं तर त्याने मान खाली घालावी, दुसऱ्याने हसरं राहावं. हे आधी ठरवा.

टप्पा ८: कार्यक्रमाचा दिवस

शाळा सगळ्या मुलांना दोन तास आधी बोलावते. तुम्ही स्वतःच्या सादरीकरणाच्या अर्धा तास आधी येण्याची परवानगी घ्या, आणि आत असलेल्या एखाद्या पालकाशी फोनवर संपर्क ठेवा, म्हणजे कितवं सादरीकरण चालू आहे ते कळत राहील. पाचचा कार्यक्रम आणि पावणेसहाचं सादरीकरण असेल, तर दिवस साधारण असा जाईल:

- १:०० रोजचंच जेवण. नवीन पदार्थ नको.
- २:०० ते ३:३० घरी अंधाऱ्या खोलीत आराम. शेवटची तालीम नको.
- ४:०० पुस्तक एकदा वाचणं. औषधाची वेळ असेल तर औषध रोजच्याच वेळी.
- ४:४५ आतले कपडे आणि झगा घरीच.
- ५:१५ मागच्या फाटकाने शाळेत. मेकअप नको, किंवा घरून केलेला.
- ५:२५ स्वच्छतागृह.
- ५:३५ डोक्याची वस्तू, पंख, काठी. ताईंकडे सोपवणं. निरोप लांबवू नका.
- ५:४५ स्टेज.
- ५:५५ दाराशी भेट.

उशीर झाला तर मूल गाडीत किंवा रिकाम्या वर्गात थांबेल, विंगेत नाही.

पिशवीत: पाण्याची ओळखीची बाटली, चघळायची किंवा दाबायची वस्तू, डिफेंडर, नेहमीचे कपडे, ओले रुमाल, कोरडा खाऊ, “थांब” लिहिलेलं कार्ड, औषध आणि त्याची चिठ्ठी. श्रवणयंत्राचे सेल नवीन घाला. झिंक-एअर सेलचा चिकट कागद काढून एक-दोन मिनिटं हवेत ठेवा, मग बसवा. लगेच बसवला तर पूर्ण जोर मिळत नाही.

सावधान, अपस्माराच्या मुलांसाठी: अपुरी झोप आणि चुकलेला डोस ही झटक्याची नेहमीची कारणं आहेत, म्हणून आदल्या रात्री जागरण नको. विंगेतल्या ताईंना लिहून द्या: झटका आला तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, वेळ बघा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर १०८.

टप्पा ९: स्टेजवर बिघडलं तर

*गोठून उभं राहिलं:* काही करू नका. गाणं चालू आहे, ते तिथे आहे. बऱ्याचदा शेवटच्या कडव्याला हात हलतो.

*कान झाकून खाली बसलं:* शेजारचा मित्र शेजारी बसेल, हे तालमीतच शिकवून ठेवा. मेंढपाळांत कोणी खाली बसलं तर नाटक बिघडत नाही.

*रडू लागलं किंवा “थांब” कार्ड दाखवलं:* ताई दहा सेकंदांत आत जाऊन हात धरून बाहेर आणतील. तुम्ही स्टेजवर चढू नका. सगळ्यांची नजर तिकडे जाते आणि मुलाला पुढच्या वेळी तेच हवं असतं. तुम्ही दाराशी जा.

*स्टेजवरून तुमच्याकडे धावलं:* मांडीवर घ्या, उरलेलं गाणं दोघांनी मिळून बघा. परत वर ढकलू नका.

*माइकमध्ये ओरडलं, हसत सुटलं, प्रेक्षकांना हात केला:* हसून हात करा. पुढचं बाई बघतील.

टप्पा १०: सांताच्या आधी बाहेर

शेवटी सांताक्लॉज घंटा वाजवत येतो, चॉकलेट उधळतो, मुलं तुटून पडतात, पॉपर फुटतात. गाणं नीट पार पाडलेली कितीतरी मुलं इथे कोसळतात. सादरीकरण झालं की घरी जा. सांता भेटायलाच हवा असेल तर आधी, शांत खोलीत भेटवा. सांता होणारे सर दाढी लावताना मुलाला दिसले की भीती जाते. चॉकलेट ताईंकडून हातात मागून घ्या.

बाहेर आल्यावर फार प्रश्न नकोत. “तू भेट गव्हाणीपाशी ठेवलीस. मी बघितलं.” असं एक नेमकं वाक्य. “मग गाणं का नाही म्हटलंस?” हा प्रश्न त्या रात्री नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. हॉटेलात जेवण, पाहुणे, दुसऱ्या मुलांच्या पार्ट्या टाळा. शाळेत दिवसभर आवरून धरलेलं मूल घरी आल्यावर फुटू शकतं. त्याचा अर्थ कार्यक्रम वाईट झाला असा नसतो. पुढचा दिवस मोकळा ठेवा.

आठवड्याच्या आत एक पान लिहा: क्रमांक कितवा होता, थांबणं किती मिनिटांचं झालं, स्टेजवर किती वेळ होतं, कोणत्या आवाजाला कान झाकले, तुम्ही कुठे बसला होतात, विंगेत कोण होतं. पोशाख आणि फोटोंच्या पुस्तकासोबत ते ठेवा. एक प्रत वर्गशिक्षिकांना द्या. जूनमध्ये वर्ग बदलला की तेच पान नव्या बाईंच्या हाती द्या.